भात थंडा होऊन राह्यला

नाल्याकाठची टोली, ता. सावली
२४ फेब्रुवारी २०२५

चि. नंदिनी,

जयभीम. मामाचं हाताने लिहिलेलं पत्र पाहून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोन करायचा तर मी बोलणार कशाने? ऑपरेशननंतर गळ्याच्या भोकातून नुसती हवा येते. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला, त्याने सव्याज वसूल केलं. मोबाइलवर एक अक्षर दाबलं की थरथरत्या बोटाने शेजारची दोन उमटतात, आणि तुमच्या हेमलकशाकडचा टॉवर मनात आलं तर चालतो. म्हणून हा कागद.

आपल्या इन्स्टिट्यूटचा तो जुना कॉम्प्युटर तुला आठवत असेल. त्याच्याच जाड कीबोर्डवर तू टायपिंग शिकलीस, आणि इतकी आपटायचीस की मी म्हणायचो, ही पोरगी धान कांडायला आली आहे. इन्स्टिट्यूट बंद झाल्यावर तो मी घरी आणून ठेवला. ऑपरेशनच्या आधी आमच्या अश्विनने पुण्याहून येऊन त्यात माझा आवाज भरला. एका बटनाला एक वाक्य. बटन दाबलं की छपरावरच्या भोंग्यातून मी बोलतो, जसा बोलायचो तसाच, खाकरण्यासकट. सकाळी मी भात टाकतो, तो झाला की वरचं पहिलं बटन दाबतो आणि साऱ्या टोलीला ऐकू जातं, 'रुखमे, ये वो, भात थंडा होऊन राह्यला!' बाया हसतात. तुझी मामी चिडल्यासारखं करते आणि येते.

खालच्या लांब स्पेसबारवर दुसरं वाक्य आहे. 'वाघ! वाघ आला! साऱ्या घरी या!' अश्विनने मुद्दाम सगळ्यात मोठं बटन त्याला दिलं, घाबरलेल्या हाताला शोधावं लागू नये म्हणून. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता नाल्यात वाघीण पिल्लं घेऊन राहिली आहे आणि कोणी हसत नाही.

आपलं घर टोलीत शेवटचं. माझ्या खिडकीतून नाला दिसतो आणि ती चार मोहाची झाडं. पंधरा दिवसांत फूल पडायला लागेल. साऱ्या बाया पहाटे तिथे वाकून वेचत बसतील. वनरक्षक सांगून गेला की वाकलेलं माणूस त्या जनावराला माणूस वाटतच नाही. जंगलाकाठी माणसाचं मोठं हत्यार म्हणजे ओरडणं, आणि ते माझ्याजवळ त्या एका बटनात आहे.

तेच बटन आता नीट लागत नाही. एकदा दाबलं तर ओरडतं, दुसऱ्यांदा दाबलं तर चूप. मी पुसतो, की दोन दिवस चांगलं चालतं, मग पुन्हा तेच. काय करावं ते लवकर लिही. मामीला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझा मामा,
पत्रू


हेमलकसा
३ मार्च २०२५

प्रिय मामा,

जयभीम. तुमचं अक्षर पाहून आधी हात सरळ केले. वाटलं, आता म्हणाल, बोटं चुकीच्या ओळीवर ठेवलीस.

घाबरण्यासारखं काही नाही. त्या जुन्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटनाखाली धातूची एक बारीक पत्ती असते. बटन दाबलं की ती दुसऱ्या पत्तीला टेकते, तेवढ्यावर सगळं चालतं. पत्तीवर गंजाचा थर चढला की टेकते पण वीज पुढे जात नाही. बटनाचं टोपण वर ओढून काढा, कापसाच्या बोळ्याला थोडं स्पिरिट लावा, पत्ती हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तुम्ही स्पिरिटनेच पुसता ना? पाणी, गोडं तेल, रॉकेल असं काहीबाही लावू नका. सावलीच्या मेडिकलमध्ये स्पिरिट मिळतं.

नवा कीबोर्ड घ्यायचा विचार सोडा. त्या मशीनची गोल पिन आता कुठे मिळत नाही, आणि मधे अडॅप्टर लावूनही नवा चालत नाही, हे मी इथे शाळेच्या भंगारातल्या मशीनवर करून पाहिलं आहे. वाघाचं वाक्य दुसऱ्या बटनाला द्यायचं तर अश्विनदादाच्या प्रोग्राममध्ये शिरून टाइप करावं लागेल. ते परीक्षा आटोपल्यावर मी स्वतः येऊन करते. खालच्या ओळीतली बाकीची बटनं चालतात का तेही कळवा.

खरं सांगू का, कीबोर्ड माझ्याकडे पाठवलात तर जास्त बरं. एस.टी.तला पवन कंडक्टर आपलाच आहे. गडचिरोलीला त्याच्या हातात दिलात की संध्याकाळी माझ्या दारात. मामीला सांगा, यंदा उजाडल्याशिवाय मोहाखाली जायचं नाही. आणि तुम्ही तिच्यापासून लपवू नका.

तुमची,
नंदिनी


नाल्याकाठची टोली
१४ मार्च २०२५

चि. नंदिनी,

फूल पडायला लागलं. सारी टोली त्या वासाने भरली आहे.

हो, स्पिरिटच. चांगलं आहे, काडी लावली तर निळं जळतं. खालच्या ओळीतली सगळीच बटनं आता दगा देऊ लागली आहेत, पण माझं लक्ष लांब बटनावर. आता मी ते सकाळ-संध्याकाळ पुसतो. कीबोर्डला मुंग्या का लागतात कळत नाही. कालच शंभरेक झटकल्या.

नदीपलीकडच्या गावात गेल्या आठवड्यात एक गुराखी गेला. मी त्याला ओळखत नव्हतो, पण तेव्हापासून मी खिडकी सोडत नाही. पहाटे मामी टोपली उचलते. मी तिला थांबवायला जातो तर ती म्हणते, 'साऱ्या बाया चालल्या, मी एकटी काऊन घरी राहू? फूल काय माया दारात येऊन पडते?'

तू म्हणशील, थाळी वाजवा. वाजवून पाहिली. बाया जनावर जवळ येऊ नये म्हणून स्वतःच झाडाखाली पत्र्याची टिपाडं बडवत असतात. त्यात माझी थाळी कोणाला वेगळी ऐकू येणार? उलट वच्छलाने हात हलवून सांगितलं, शाबास पत्रूभाऊ, वाजवत राहा. वच्छला म्हणजे आपल्या मागच्या घरची, नवरा गेल्यापासून एकटी असते, तुला आठवत असेल. तुला बोरं द्यायची.

रोज उजाडायच्या आत मी भोंग्याची वायर काढून लांब बटन दाबून पाहतो. वायर न काढता दाबलं तर टोली उठेल, आणि खोटंच दोनदा उठली की तिसऱ्यांदा उठणार नाही. कॉम्प्युटरच्या डब्यातून माझा बारीक आवाज येतो, 'वाघ आला', आणि मला बरं वाटतं. मग वायर जोडतो. खिडकीत बसलो की मनात येतं, जोडली का? उठून पाहतो. जोडलेली असते. परत बसतो, परत उठतो. मामीला वाटतं मला मूळव्याध झाली.

कीबोर्ड पाठवायचं म्हणतेस, पण फूल असेपर्यंत नाही पाठवणार. तो गेला तर त्या दिवसांत बाया खाली आणि मी वर नुसता बघत. रागावू नकोस.

मामा


हेमलकसा
२२ मार्च २०२५

मामा,

तुमचं पत्र वाचून मी वर्गावर गेले आणि काय शिकवलं ते आठवत नाही. इथेही लोक पहाटे फूल वेचायला जातात, पण इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. तुम्ही मला तुमच्या खिडकीत नेऊन बसवलंत.

मुंग्या कशा लागतील? कीबोर्डवर बसून गूळ खाता काय? स्पिरिटला मुंगी फिरकत नाही. आणि सकाळ-संध्याकाळ पुसू नका. इतक्यांदा पुसल्याने पत्तीवरचा मुलामाच निघून जाईल. खालची अख्खी ओळ जाते आहे म्हणजे दुखणं एका बटनाचं नाही, आत काहीतरी उतरतंय. मला तो उघडून पाहू द्या.

हात जोडून सांगते, पाठवा. मी एका रात्रीत करून परत पवनच्या हाती देते. तेवढे दिवस मामीला काहीही सांगून घरी ठेवा. आजारी पडा. तुम्हाला ते चांगलं जमतं, इन्स्टिट्यूटच्या तपासणीला कोणी यायचं तेव्हा नेमका तुम्हाला ताप यायचा.

उत्तराची वाट पाहते.

नंदिनी


टोली
४ एप्रिल २०२५

नंदे,

जयभीम. तुया मामा कागदाले हात लावत नाई म्हणून मी लिहून राह्यली. माई शाळा चौथीची, चुकलं तं समजून घे.

वच्छला गेली. वाघिणीनं नेली.

तू पत्रात इचारशीन, मामाचा भोंगा काऊन नाई वाजला. वाजला ना. तेच तुले सांगतो.

उजाडलं होतं. आमी साऱ्या मोहाखाली होतो, टिपाडं बडवून राह्यलो होतो. तेवढ्यात भोंगा बोलला, 'रुखमे, ये वो, भात थंडा होऊन राह्यला.' साऱ्या हसल्या. सीता म्हणे, 'काऊन वो, तुया बुढ्याले दिवस निंगाच्या आंधी भूक लागली काय?' पुन्हा बोलला. पुन्हा. थांबेचना. मले लय राग आला. म्हटलं घरी जातो आन् वायरच तोडतो.

उठली आन् मंग ध्यानात आलं. एवढ्या सकाळी भात कुठचा? चूल तं मी इझवून आली होती. मी म्हटलं, 'चला वो साऱ्या, घरी चला.' माया तोंडाकडं पाहून साऱ्या उठल्या. वच्छला नाई उठली. म्हणे, 'तुले बोलावते तं तू जाय. मले कोन बसलं आहे भात वाढाले? माई टोपली भरू दे.' मी पुन्हा बोलली नाई. मले पक्कं माईत नोतं ना बाई. उगाच वाघ म्हणून वरडली आन् काई नसलं तं बाया महिनाभर हसल्या असत्या. तेवढ्या लाजेपाई मी गप बसली.

आंगणात आलो तं मामा खिडकीत उभा. एका हातानं ते पहिलं बटन दाबून राह्यला होता आन् दुसऱ्या हाताच्या बुक्कीनं लांब बटन ठोकून राह्यला होता. तोंड उघडं, नुसता वारा. तवाच मागून वच्छलाची हाक आली. एकच आली.

आता माया मनातलं. कीबोर्ड तुयाकडं पाठवाले फडक्यात गुंडाळला तं मले वास आला. मोहाच्या दारूचा. कॉम्प्युटरच्या मागं शिशी भेटली, अर्धी. आपल्या जंगलातल्या पोचूनं दिली असन, तो पूजेले मोहाची काढते. नंदे, इहारात उभा राहून पंचशील म्हणनारा मानूस लपून पेते काय? पेलेला होता म्हणून त्यानं भलतंच बटन दाबलं काय? मी त्याले इचारलं नाई. त्याच्याकडं पाहून इचारवत नाई. पन रात-दिस माया डोक्यात तेच आहे. वच्छलाची लेक सासरून आली आहे, दारात येऊन बसते, आन् मले वाटते तिले बी वास आला.

तू उघडून पाय आन् मले खरं ते लिही.

रुखमा मामी


हेमलकसा
९ एप्रिल २०२५

प्रिय मामी,

मामा पीत नाहीत. ही ओळ आधी वाचा, मग खालचं वाचा.

पवनने कीबोर्ड आणून दिला. मी तो उघडला. स्पेसबारखालची पत्ती हिरवीगार झाली आहे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तसाच थर. खालची सगळी ओळ अशीच, वरची मात्र लख्ख. आणि वास तुम्हाला आला तोच.

मामांनी ती दारू प्यायली नाही, बटनं पुसायला वापरली. निळी जळते म्हणून त्यांना ती स्पिरिटसारखीच वाटली असणार. सावलीला जाऊन मेडिकलवाल्याला खुणेने समजावण्यापेक्षा पोचूभाऊंनी आणून दिलेली शिशी हाताशी होती. घरात दारू आणली हे तुम्हाला कळू नये म्हणून मलाही खरं लिहिलं नाही. पुसलं की वरवरची घाण निघायची आणि बटन दोन दिवस चालायचं. पण घरी काढलेल्या दारूत आंबटपणा असतो. तो पत्तीवर राहायचा आणि तिला खात बसायचा. मग बटन अडकलं की ते आणखी पुसायचे. ज्या बटनाची सगळ्यात जास्त काळजी, तेच सगळ्यात जास्त पुसलं गेलं.

त्या सकाळी त्यांनी बरोबर बटन दाबलं होतं, मामी. ते मेलेलं होतं. मग जे चालत होतं त्यावरून त्यांनी तुम्हाला बोलावलं. त्यांच्याजवळ तुम्हाला बोलावणारं तेवढंच वाक्य उरलं होतं.

मुंग्यांचं वाचलं तेव्हाच, त्या मोहाच्या गोडसर वासाला आल्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी थट्टा केली.

एक मागते. दारूने पत्ती खाल्ली हे त्यांना कळू देऊ नका. ते झेपणार नाही त्यांना. शिशी कुठेतरी लांब टाकून द्या आणि मिळालीच नाही असं करा. मी त्यांना वेगळं लिहिते आहे.

नंदिनी


हेमलकसा
९ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

कीबोर्ड दुरुस्त झाला. पत्त्या फार जुन्या होत्या. तीस वर्षांचा धातू, कधी ना कधी जाणारच होता, तुम्ही काही केलं असतं तरी. कोपऱ्यात कधीच न वापरलेली बटनं असतात, त्यांच्या कोऱ्या पत्त्या काढून मी खालच्या ओळीत सोल्डरचा डाक लावून बसवल्या आहेत. स्पेसबारला सगळ्यात चांगली दिली. वीसेक वर्षं बघायला नको.

आता पुसायचं नाही. वर नुसतं फडकं झाका. अगदीच वाटलं तर सोबत स्पिरिटची बाटली पाठवली आहे, तेवढंच वापरा.

तुमच्या खिडकीमुळे बाकीच्या सगळ्या बाया परत आल्या. तेवढं लक्षात ठेवा.

नंदिनी


नाल्याकाठची टोली
२१ एप्रिल २०२५

चि. नंदिनी,

कीबोर्ड मिळाला. तुझी बाटली उघडून मी वास घेतला. मग मागच्या शिशीकडे हात नेला, तर ती जागेवर नाही. तुझी मामी चुलीजवळ पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती, आणि निवडायला त्यात काही नव्हतं. मला सगळं कळलं. तू चांगलं खोटं लिहिलं आहेस, पण टायपिंग तुला मी शिकवलं, तुझी वाक्यं मी ओळखतो.

मी रोज दोन वेळा त्या बटनाला विष पाजत होतो. वच्छलाची लेक येऊन बसते तेव्हा मी तिच्यासमोर बसतो. कीबोर्डवर तिला सांगण्यासारखं एकही वाक्य नाही. अश्विनने विचारलं होतं, आणखी काही बोलायचं आहे का बाबा? मी म्हटलं होतं, बस झालं.

त्या दिवशी संध्याकाळी विहारातून आल्यावर मामीने माझ्या हाताचा वास घेतला, आणि मग तो हात बराच वेळ धरून ठेवला.

लांब बटन उत्तम चालतं. वायर काढून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. वनखात्याच्या लोकांनी नाल्यात कॅमेरे लावले आहेत. वाघीण पलीकडे गेली असं म्हणतात, पण काल मी वाळूत पाऊल पाहिलं. फूल संपत आलं आहे तरी बाया जातात. चौथ्या झाडाखाली कोणी बसत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

परवा भात झाला. मी सवयीने वरचं पहिलं बटन दाबलं. 'रुखमे, ये वो, भात थंडा होऊन राह्यला.' वाक्य पुरं व्हायच्या आत साऱ्या बाया टोपल्या टाकून पळत सुटल्या. किंकाळ्या मारत. सीता उंबऱ्याला अडखळून पडली, तिचे दोन्ही गुडघे फुटले. वच्छलाची लेक कुठून तरी धावत आली आणि आंगणात उभी राहिली. मी दोन्ही हात हलवून सांगत होतो, काही नाही, काही नाही, भातच आहे. कोणाला कळणार? चुलीवरचं भगुणं उचलून दारात आणलं, झाकण काढून दाखवलं. वाफ निघत होती. त्या भाताकडे पाहून साऱ्या रडल्या. हसलं कोणी नाही.

ते बटन आता मी दाबत नाही. बायांनी मला विनवलं आहे, पत्रूभाऊ, ते नका वाजवू. वाघाचं वाजवलं तरी चालेल, पण ते नको.

म्हणून आता भात झाला की मी काठी घेऊन उतरतो, झाडापर्यंत जातो आणि मागून रुखमेच्या खांद्याला हात लावतो. ती दरवेळी दचकते. मग आम्ही दोघं घरी येतो. यायला-जायला माझ्या पायांना बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ खिडकीत कोणी नसतं.

तू सुट्टीत लवकर ये.

मामा